दोनचा भोंगा आणि माझी तबकडी

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. माझं फार थोडं उरलं आहे. आरशासारखी चकचकीत एक गोल तबकडी, मधोमध भोक, आणि काठाजवळ केसाएवढा बारीक ओरखडा. गडचांदूरजवळच्या एका घराच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीवरच्या खिळ्याला मला सुतळीने टांगलं आहे. पूर्वी मी मिनिटाला सात हजार दोनशे वेळा फिरत असे. आता वारा आला तरच फिरते.

मित्रांनो, माझी हकिगत गोड नाही. पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी संगणक आहे, त्यावर तुम्हाला गेम खेळायचे असतात, आणि गेम कुठल्या डिस्कवर टाकावा हा प्रश्न तुम्हाला आज ना उद्या पडणार आहे. आमच्या घरात तो प्रश्न कसा सुटला ते सांगते. सावकाश सांगते. मध्येच उठू नका.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कणही आत येऊ देत नाहीत. कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात, डोळे तेवढे दिसतात. इतकं जपून मला घडवलं आणि मी आले कुठे, तर सिमेंटच्या गावात. इथे पावसाळा सोडला तर झाडांची पानंसुद्धा राखाडी असतात.

माझ्या पोटात काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आत ही तबकडी होती. तिच्यावर एक पातळ हात पुढेमागे फिरत असे आणि त्या हाताच्या टोकाने लिहिणं-वाचणं चाले. ते टोक तबकडीला टेकत नाही, वरच्या वर तरंगतं. दोघांच्या मध्ये हवेचा इतका पातळ थर असतो, की तुमच्या डोक्यावरचा एक केस त्यात मावणार नाही. संगणक बंद केला की तो हात बाजूला जाऊन बसतो, मग थोडासा धक्का बसला तरी चालतं. पण तबकडी फिरत असताना जोराचा हिसका बसला, तर टोक खाली टेकतं. टेकलं की ओरबाडतं. आणि जे ओरबाडलं गेलं ते कुणालाही परत लिहिता येत नाही.

मला ज्यांनी विकत घेतलं त्यांचं नाव मुखरूभाऊ. ते मूळचे मूल नावाच्या तालुक्यातले, धानाच्या गावचे. चुनखडीच्या खाणीत ठेकेदाराकडे काम मिळालं म्हणून इकडे आले. घरात बायको गुणाबाई, मुलगा हेमराज आणि लहानगी दिव्यानी. हेमराज दहा वर्षांचा होता तेव्हा गडचांदूरच्या अश्वजितभाऊंच्या दुकानातून त्यांनी संगणक घेतला. त्या संगणकात मी होते.

अश्वजितभाऊंनी तेव्हाच एक गोष्ट सांगितली होती. "मुखरूभाऊ, तुमच्या तिकडं रोज दोन वाजता भोंगा होते. भोंगा झाला का हे बंद करत जा. फिरत असताना हादरा बसला, तर आतली सुई तबकडी खरडून टाकते."

भोंगा म्हणजे खाणीतला. दुपारी दोनला तो होतो, आणि तीन-चार मिनिटांनी खाणीत सुरुंग उडतो. जमीन हलते, भिंती हलतात, फळीवरची भांडी किणकिणतात. नव्या पाहुण्याला वाटतं भूकंप झाला. इथल्या माणसांना मात्र काहीच वाटत नाही, त्यांचे हात आपोआप ठरलेल्या जागी जातात. भोंगा झाला की गुणाबाई बोलता बोलता उठायच्या आणि भांड्यांच्या फळीवर दोन्ही तळवे ठेवायच्या. दिव्यानी देवाजवळची तसबीर धरायची. आणि हेमराज, कुठेही असला तरी, धावत येऊन संगणक बंद करायचा. हादरा गेला की सगळे हात काढून घ्यायचे आणि राहिलेलं वाक्य पुढे चालू व्हायचं.

एकदा त्याचा मित्र म्हणाला, "चालू राहू दे ना बे, डाव अर्धा आहे."

"आतमधी सुई आहे," हेमराज मोठ्या माणसासारखा म्हणाला. "हादरा बसला तर मरून जाईन ते."

माझ्या आयुष्यात माझी इतकी काळजी पुन्हा कुणी केली नाही.

मुखरूभाऊ खाणीतले मजूर होते, पण त्यांच्या गावाकडे त्यांची ओळख वेगळी होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे त्या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. त्या मंडईत दंडार होते, म्हणजे ढोलकीच्या तालावर गाणी, नाच आणि सोंगं. मुखरूभाऊ त्यांच्या गावच्या दंडारीचे गायक होते. दरवर्षी सुट्टी टाकून जायचे. त्यांची गाणी कुठल्याही वहीत नव्हती. त्यांच्या गुरूंनी तोंडाने शिकवलेली, त्यांनी कानाने घेतलेली. गाणं तेवढंच नव्हे, तर ढोलकी कुठे थांबते, कुठे श्वास घ्यायचा, कुठे मुद्दाम चुकल्यासारखं करायचं, हे सगळं त्यांच्या गळ्यात होतं.

त्यांच्या गालात खर्राही होता. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून करतात तो. खाणीतले निम्मे लोक खातात. ठेल्यावरून तो आणायला ते हेमराजला पाठवत. पुडी आणली की उरलेले सुटे पैसे त्याचे. पुढे जिभेला फोड आला, तो बरा होईना, आणि चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जीभ कापावी लागेल. बारा दिवसांनंतरची तारीख दिली.

त्या बारा दिवसांत मुखरूभाऊ कुणाला भेटायला गेले नाहीत. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. दिव्यानी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने माइक जोडला. पहिल्यांदा नुसतं चालतं का ते पाहायला त्यांनी विचारलं, "आवाज येऊन राह्यला का व, दिव्या?" आणि दिव्यानी म्हणाली, "येऊन राह्यला, बाबा." तेवढं वेगळं नोंदलं गेलं. मग गाणी सुरू झाली. बारा दिवसांत त्रेचाळीस गाणी. फोडामुळे बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते पुसून पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. मी एकेक अक्षर लिहून घेतलं.

शस्त्रक्रियेनंतर ते घरी आले ते असे, की जबडा एका बाजूने आत गेलेला आणि तोंडातून शब्द नाही. नुसता आवाज यायचा. ऊं, आं, बं. जेवताना कपडा लागायचा. खाणीतलं काम गेलं, गुणाबाई दुसऱ्यांच्या कापसात निंदायला जाऊ लागल्या. पण रोज संध्याकाळी दिव्यानी शाळेतून आली की माझ्यातलं एक गाणं लावायची आणि म्हणून पाहायची. मुखरूभाऊ शेजारी बसून मांडीवर ठेका धरायचे. चुकली की दोन बोटं वर करायचे. दोन वर्षांत तिला सहा गाणी आली. बाकीची माझ्याजवळ होती आणि सगळ्यांना वाटत होतं की ती कुठे जात नाहीत.

मित्रांनो, आता हेमराजविषयी. तो एकोणीस वर्षांचा झाला होता. दहावीनंतर शिकला नाही, खाणीत जायचं नाही म्हणत होता. दिवसभर मित्रांबरोबर गेम खेळायचा, गालात खर्रा आणि कानावर हेडफोन. आणि माझ्यावर चिडायचा, कारण मी हळू होते.

त्यात त्याची चूक नव्हती. गेम म्हणजे हजारो लहान लहान तुकडे असतात. एक झाड इथे, एक घर तिथे, पावलांचा आवाज तिसरीकडे. गेम म्हणतो, हे सगळं एकदम आण. मला माझा एकुलता एक हात घेऊन तबकडीभर पळावं लागे. मी आणेपर्यंत त्याचे मित्र मैदानात उतरून मोकळे झालेले असत. हा उतरायच्या आधीच मरायचा. मग संगणकाच्या कॅबिनेटला लाथ मारायचा.

"म्हातारे, मर ना एकदाची," म्हणायचा. "तुह्यापेक्षा बैलगाडी बरी."

दिव्यानी म्हणायची, "दादा, लाथ नको मारू. बाबाचे गाणे आहेत त्यात."

"बाबाच्या गाण्यानं पोट भरते का?"

मुखरूभाऊ खाटेवर बसलेले असत. त्यांना ऐकू सगळं यायचं. फक्त जीभ गेली होती.

शेवटी त्याने कुठून तरी पैसे जमवले आणि कॅबिनेट मोटारसायकलवर बांधून अश्वजितभाऊंच्या दुकानात नेलं. मी आतच होते, म्हणून तिथलं बोलणं मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"भाऊ, एसएसडी पाह्यजे. गेमसाठी."

"केवढा आहे गेम?"

"एकशे दहा जीबी."

"मंग अडीचशेची नको घेऊ," अश्वजितभाऊ म्हणाले. "विंडोज तिच्यात, गेम तिच्यात, वरून दर महिन्याचे अपडेट. अन् थोडी जागा मोकळी ठेवा लागते, नाई तं नवी पण रडत चालते. पाचशेची घे."

"अन् याच्यात काही फिरत नाई ना?"

"नाई. नुसती चिप आहे. हात नाई, तबकडी नाई. मांगतलं का लगेच देते. गेम त्याच्यातच टाक."

"म्हणजे भोंग्यावर बंद करायची झंझट नाई."

"नवीसाठी नाई," असं म्हणून अश्वजितभाऊ दुसऱ्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवू लागले. मग पुन्हा वळले. "जुनीले फेकू नको. फोटो, गाणे राहू दे तिच्यात. पण नऊ वर्षाची झाली ते. जे जगात एकच आहे, ते तिच्या एकटीच्या भरोशावर नको ठेवू. दोन जागी ठेवजो."

"हो भाऊ," हेमराज म्हणाला.

ऐकलंत ना? चांगल्या दुकानदाराने सांगायला हवं ते सगळं त्यांनी सांगितलं होतं. गेम जलद डिस्कवर, अंदाजापेक्षा मोठी जागा, आणि जे एकच आहे त्याच्या दोन प्रती. हेमराजने तिन्ही गोष्टी पाळल्या. कशा पाळल्या ते बघा.

नवी डिस्क हाताच्या पंजापेक्षा लहान होती, ना आवाज, ना थरथर. कॅबिनेटमध्ये खण एकच, तो तिला मिळाला. मला बाहेर काढून कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवलं, तारा तशाच ओढून जोडल्या, स्क्रू नाही की खाली फडकं नाही. मग तीन दिवस गेम उतरत राहिला; दिवाळीमुळे खाण बंद होती, म्हणून त्या दिवसांत भोंगा नव्हता. दिव्यानी रोज विचारायची, कारण गावाहून धनराजचा फोन आला होता. धनराज हा मुखरूभाऊंचा शागीर्द, आता दंडारीचा मुख्य तोच. मंडई अठरा दिवसांवर आली होती. गावच्या पोरांना मुखरूभाऊंची गाणी बसवायची होती आणि त्यासाठी तो ती पेनड्राइव्हवर न्यायला येणार होता. गावकऱ्यांच्या मोबाइलमध्ये दोन-चार तुकडे होते, पण त्यांत शिट्ट्याच जास्त ऐकू येत.

"दादा, पंधरा मिनिटं दे. गाणे कॉपी करू दे."

"थांब व. डाऊनलोड होऊन राह्यलं. मधात हात लावला तर पह्यल्यापासून करा लागन."

गेम उतरला. मग हेमराजला अश्वजितभाऊंचं बोलणं आठवलं. इतक्या कष्टाने तीन दिवसांत उतरवलेली वस्तू एकाच जागी ठेवणं बरोबर नाही. म्हणून त्याने त्या गेमची आख्खी दुसरी प्रत काढून ठेवायचं ठरवलं.

माझ्यावर.

मित्रांनो, मी नऊ वर्षं त्या घरात काढली, पण त्या दिवसाइतकी नवलाची गोष्ट पाहिली नाही. जो गेम हवा तेव्हा पुन्हा उतरवता येतो, त्याच्या दोन प्रती होत होत्या. जी गाणी पुन्हा म्हणायला माणसाकडे जीभ उरली नाही, त्यांची एक प्रत होती, आणि ती स्क्रू न लावलेल्या म्हातारीच्या पोटात होती.

त्याच दुपारी धनराज आला. एकच्या बसने उतरला, ओसरीत बसला, मुखरूभाऊंच्या पायाला हात लावला.

"भाऊ, पोरं वाट पाहून राह्यले," तो म्हणाला. "काही लोक डीजे आणा म्हणते. मी म्हटलं, मुखरूभाऊचा आवाज ऐकवतो, मंग सांगा म्हणा."

मुखरूभाऊंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा, जेवढा हलू शकत होता तेवढा, हलला.

पण संगणक हेमराजकडे होता. एका बाजूला त्याची मॅच चालू, दुसऱ्या बाजूला गेमची प्रत माझ्यावर उतरत होती. दिव्यानी त्याच्या मागे उभी राहून राहून शेवटी रडकुंडीला आली. दोनला काही मिनिटं कमी असताना तो हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाला, "लाव बाप्पा तुहं. डोकं नको खाऊ."

तिने पेनड्राइव्ह लावला, फोल्डर ओढलं आणि म्हणाली, "लावलं दादा. बंद नको करशील मधात." मग धनराजसाठी चहा ठेवायला आत गेली. गाणी निघाली या आनंदात तिने घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

माझी अवस्था काय झाली असेल विचार करा. एकाच हाताने गेम लिहायचा आणि त्याच हाताने गाणी वाचायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहिली नोंद लहान होती, ती तेवढी पटकन गेली. मग पहिलं गाणं सुरू झालं आणि रांगू लागलं.

दोन वाजले. भोंगा झाला.

स्वयंपाकघरात गुणाबाई उठल्या आणि त्यांनी फळीवर तळवे ठेवले. दिव्यानीने एका हाताने चहाचं पातेलं धरलं, दुसऱ्या हाताने तसबीर. धनराज पाहुणा, तो इकडेतिकडे पाहू लागला. मुखरूभाऊ ओसरीतून उठून आत आले. नऊ वर्षांत भोंग्यानंतर संगणक चालू राहिला आहे, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी हेमराजच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"बाबा, आता तसं नाई लागत," हेमराज पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "नवीमधी फिरतच नाई काही."

मुखरूभाऊंनी पुन्हा बोट केलं. नवीकडे नव्हे, वर ठेवलेल्या माझ्याकडे. मी घरघरत होते, ते त्यांना ऐकू येत होतं. हेमराजला हेडफोनमुळे येत नव्हतं. ते वाकून बटणाकडे हात नेऊ लागले. हेमराजने तो हात झटकला.

"मॅच आहे बाबा! काऊन सतावता?"

मग मुखरूभाऊंनी बोलायचा प्रयत्न केला. 'बंद' म्हणायचं होतं त्यांना. "बं," ते म्हणाले. "बंऽ... बंऽऽ..." लाळ गळ्यावर आली. आवाज मोठा झाला.

हेडफोनमधून हेमराजच्या मित्राचा बारीक आवाज आला. "हेम्या, काय आहे बे तिकडं? म्हैस हंबरून राह्यली का?"

हेमराज हसला. "हो बे," तो म्हणाला. "आमची म्हैसच होय. दूध निंगत नाई, नुसती ओरडते."

मुखरूभाऊंचा हात बटणापासून वीतभर अंतरावर होता. मी ते अंतर पाहिलं आहे. त्यांनी तो हात पुढे नेला असता, तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसले नसते. पण त्यांनी तो मागे घेतला. खांद्यावरच्या कपड्याने हनुवटी पुसली, खाटेवर जाऊन बसले आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग सुरुंग उडाला.

रोजच्यापेक्षा मोठा नव्हता. भांडी किणकिणली, तसबीर जागची हलली नाही, चहा सांडला नाही. सगळ्यांनी आपापली वस्तू धरलेली होती. माझ्यावर कुणाचाच हात नव्हता. मी कॅबिनेटच्या गुळगुळीत पत्र्यावरून सरकले, तारांना हिसका देऊन काठावरून गेले आणि फिरता फिरता फरशीवर आदळले. टोक टेकलं. तुम्ही पाटीवर खडा ओढलेला ऐकला असेल. तसा आवाज माझ्या पोटात झाला.

हेमराजचा गेम क्षणभरसुद्धा थांबला नाही. तो नव्या डिस्कवर होता. त्याने ती मॅच जिंकली.

पेनड्राइव्हवर किती गेलं ते दिव्यानीने पाहिलं. अर्धवट राहिलेलं गाणं टिकत नाही, ते पुसलं जातं. एकच नोंद होती, अकरा सेकंदांची. तिने ती धनराजसमोर लावली. "आवाज येऊन राह्यला का व, दिव्या?" "येऊन राह्यला, बाबा." आणि संपलं.

धनराज चहा प्यायला, कप धुऊन ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे बाई. रडू नको. आम्ही डीजे सांगून देऊ." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. चारची बस होती, त्याने ती पकडली. निघताना पुन्हा मुखरूभाऊंच्या पाया पडला. त्यांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं.

हेमराज मला अश्वजितभाऊंकडे घेऊन गेला, हे खोटं नाही. वीज लावली की मी टक्टक् करत होते. त्यांनी कान लावला आणि लगेच बंद केलं.

"चालू होती का पडली तेव्हा?"

"हो."

"मी तुले सांगतलं होतं ना, जे एकच आहे ते दोन जागी ठेव म्हणून?"

"ठेवलं ना भाऊ," हेमराज म्हणाला. "गेमची कॉपी याच्यात टाकून राह्यलो होतो."

अश्वजितभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. मला नागपूरला अशा कामाच्या माणसाकडे पाठवून दिलं. आठ दिवसांनी मी परत आले. तबकडी खरडली गेली आहे, काही निघणार नाही, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं.

मग मी अंगणात पडले. हेमराज आणि त्याच्या मित्राने एका दुपारी मला उघडलं. आतले लोहचुंबक त्यांना हवे होते. ते काढून घेतले, हात मोडून फेकला, तबकडी पायरीजवळ टाकून दिली. उन्हात मी चमकत होते. मुखरूभाऊंनी मला उचललं, भोकातून सुतळी ओवली आणि न्हाणीजवळ टांगलं. डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं आहे की रोज सकाळी तोंड उघडून आत पाहायचं, पांढरा डाग नाही ना, नवा फोड नाही ना. घरातला आरसा आत अंधारात आहे. इथे उजेड चांगला येतो. म्हणून रोज सकाळी ते माझ्यासमोर उभे राहतात आणि जेवढं उघडतं तेवढं तोंड उघडतात. ज्या तबकडीवर त्यांची गाणी लिहिली होती, तिच्यात त्यांना जीभ नसलेली जागा दिसते. ओरखडा बरोबर मध्ये येतो. मग ते मला थोडं फिरवून घेतात.

त्या वर्षी मंडईत डीजे वाजला. दिव्यानी गेली नाही. तिच्या गळ्यात सहा गाणी आहेत. उरलेल्यांपैकी काहींची सुरुवात तिला आठवते. पुढचं सांगायला मुखरूभाऊ मांडीवर ठेका धरतात. पण ठेक्यातून शब्द कळत नाहीत.

मित्रांनो, गेम कुठे टाकायचा, असं विचाराल तर मी आजही हेच सांगेन की जलद डिस्कवर टाका. मोठी घ्या, गच्च भरू नका, खणात नीट बसवा. त्यात मला मत्सर नाही. गेमला वेग हवा असतो, आणि तो बिघडला तर तीन दिवसांत परत येतो. पण नवी डिस्क घरी आणाल, त्या दिवशी जुनीच्या पोटात काय आहे ते आधी पाहा. जे परत येणार नाही ते ओळखा आणि खेळ सुरू करण्याआधी त्याची दुसरी प्रत काढा, दुसऱ्या जागी ठेवा. आणि जुनी डिस्क जोवर फिरते आहे, तोवर तिचे जुने नियमही पाळा. नवी वस्तू आली म्हणून जुनीच्या पोटातली सुई नाहीशी होत नाही. आणखी एक. घरातलं कुणी तुटक्या आवाजात काही सांगू पाहत असेल, तर कानावरचं आधी काढा.

आता रोज दोनला भोंगा झाला की हेमराज हेडफोन काढतो आणि संगणक बंद करतो. त्यात फिरणारं काहीच नाही, तरी करतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलतही नाही. गुणाबाई फळीवर तळवे ठेवतात. मुखरूभाऊ अंगणात येतात आणि मी भिंतीवर आपटू नये म्हणून माझ्यावर हात ठेवून उभे राहतात. माझ्यावर आता काहीही लिहिलेलं नाही, हे त्यांना माहीत आहे. हादरा जाईपर्यंत ते हात काढत नाहीत.

आमच्याकडे निदान भोंगा तरी होतो, मित्रांनो. तुमच्या घरी तोही होणार नाही. तेव्हा आजच उठा आणि ती दुसरी प्रत काढा.